रिसीव्हरवर कुठली वस्तू कुठे लावायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट. नवीन ७.२ रिसीव्हर, म्हणजे सगळ्या वस्तूंचं चित्र-आवाज एकत्र घेऊन सात स्पीकर आणि दोन सबवूफर सांभाळणारा डबा, मागे ६ एचडीएमआय इनपुट, त्यातल्या ३ वर ‘८के’ छापलेलं, आणि आउटपुट एकच. टीव्ही ४के, त्याच्या एचडीएमआय ३ वर ‘ई-एआरसी’ लिहिलंय, पण रिसीव्हरची वायर तुम्ही एचडीएमआय १ ला लावली आहे. जोडायच्या वस्तू पाच: डिशचा बॉक्स, फायर टीव्ही स्टिक, प्लेस्टेशन ५, जुना डीव्हीडी प्लेयर आणि बाबांचा रेकॉर्ड प्लेयर. टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज स्पीकरमधून येत नाही, बॉक्स लावला की आवाज घुमल्यासारखा दोनदा ऐकू येतो, गेम १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० चित्रं) टाकला की पडदा काळा, डीव्हीडीचं चित्र नाही आणि रेकॉर्डचा आवाज किडकिडा. शिवाय शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की आई रोज संध्याकाळी ऑफिसात फोन करून विचारते, मालिका कुठल्या बटणावर येते.

माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न हा शेवटचा आहे. बाकीचे पाच वायर आणि सेटिंगचे आहेत, एका रविवारी सुटतील. पण आईला फोन करावा लागतोय याचा अर्थ जोडणीचा नकाशाच घराला धरून झालेला नाही. पुण्यात गेली १८ वर्षं मी हेच काम करतोय आणि आता नव्या घरात गेलो की रिसीव्हरचा खोका उघडायच्या आधी विचारतो: टीव्ही सगळ्यात जास्त कोण बघतं, आणि काय बघतं? जो सगळ्यात जास्त बघतो त्याला रिसीव्हरची गरज कमीत कमी पडली पाहिजे. पोर्ट त्यानंतर.

म्हणून पहिला सल्ला तुम्हाला उलटा वाटेल. डिशचा बॉक्स रिसीव्हरमधून काढा आणि सरळ टीव्हीला लावा.

कारण सांगतो. बातम्या आणि मालिका दिवसातून पाच-सहा तास चालतात, त्यांना टीव्हीचे स्पीकर पुरतात. त्यासाठी रिसीव्हर चालू ठेवला तर तो नुसता बसल्या बसल्या ४०-५० वॉट खातो, कपाटात तापतो आणि आईच्या हातात एक रिमोट जास्त येतो. बॉक्स टीव्हीला असला की आईला टीव्ही आणि बॉक्स एवढंच लागतं, आजवर लागत होतं तसं. मॅच असली किंवा रात्री सिनेमा लागला की तुम्ही रिसीव्हर चालू करायचा, मग तोच आवाज टीव्हीकडून एआरसीने, म्हणजे आवाजाच्या परतीच्या वाटेने (ती पुढे सांगतो), मोठ्या स्पीकरवर येतो. रिसीव्हर बंद असतानाही बॉक्सचं चित्र पुढे जाऊ देणारी ‘पास थ्रू’ नावाची सोय बहुतेक मॉडेलमध्ये असते, आणि ती चालतेही. पण लाइट जाऊन आल्यावर ती हमखास तशीच राहील याची खात्री मी कुठल्याही घरात देत नाही. घरात सगळे तरुण असतील, टीव्ही फक्त रात्री लागत असेल, तर मी हा सल्ला देणार नाही. तेव्हा बॉक्सही रिसीव्हरलाच बरा.

आता एआरसी. इथे तुमची एक साधी चूक झाली आहे. एचडीएमआयच्या वायरीतून चित्र आणि आवाज एकाच दिशेने जातात, वस्तूकडून टीव्हीकडे. टीव्हीतच अ‍ॅप चालू असेल तर आवाज टीव्हीत जन्माला येतो आणि त्याला उलट्या दिशेने रिसीव्हरकडे यावं लागतं. ही परतीची वाट २००९ साली एचडीएमआय १.४ मध्ये आली, तिचं नाव एआरसी. ती टीव्हीच्या सगळ्या पोर्टवर नसते, ज्यावर लिहिलंय त्याच एका पोर्टवर असते. तुमची वायर १ वर आहे आणि वाट ३ वर. वायर ३ ला न्या, रिसीव्हरवर ‘टीव्ही ऑडिओ’ इनपुट निवडा, टीव्हीच्या साउंड मेनूत आवाज ‘ऑडिओ सिस्टिम’ किंवा ‘रिसीव्हर’कडे वळवा. पहिली तक्रार तिथेच संपेल. बॉक्सचा दुहेरी आवाजही याच सेटिंगने जाईल, कारण सध्या टीव्हीचे स्पीकर आणि रिसीव्हरचे स्पीकर दोन्ही चालू आहेत आणि दोघांचा वेळ थोडा वेगळा पडतोय. कानाला ते घुमल्यासारखं लागतं.

एआरसी आणि ई-एआरसी यांतला फरक तुमच्या घरात उपयोगाचा आहे, म्हणून जरा थांबतो. साध्या एआरसीची वाट अरुंद. तिच्यातून दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातो, डॉल्बी डिजिटलचा दाबलेला ५.१ जातो, आणि अ‍ॅपवर येणारा अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही ऐकू येणारा डॉल्बीचा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधलेला असतो, तोही बऱ्याच टीव्हींवर जातो. पण ब्लू-रेवरचा डॉल्बीचाच मोठा ट्रूएचडी किंवा गेमचा न दाबलेला ७.१ पीसीएम तिच्यात मावत नाही. ई-एआरसी २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ सोबत आली, तिची क्षमता सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत आहे आणि हे सगळं तिच्यातून जातं. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना ई-एआरसी आहे, पण टीव्हीच्या मेनूत ती बहुधा वेगळी चालू करावी लागते, आणि ‘डिजिटल साउंड आउट’ हे ‘पीसीएम’वरून ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’वर (इथे अर्थ, आवाज न बदलता पुढे पाठवणं) न्यावं लागतं. पीसीएमवर राहिलं तर महागड्या सेंटर आणि मागच्या स्पीकरमधून खरा ५.१ कधी येणारच नाही, दोन चॅनल फिरवून ऐकवले जातील. मी गेलेल्या घरांत सगळ्यात जास्त वेळा राहून गेलेलं सेटिंग हेच. लोक वर्षभर ऐकत बसतात आणि म्हणतात, स्पीकर काही खास नाहीत.

हे ओळखायची खूण रिसीव्हरमध्येच असते. रिमोटवर ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ असं बटण असतं. ते दाबलं की आत येणारा सिग्नल कोणता आहे ते लिहून येतं: पीसीएम ४८ किलोहर्ट्झ, डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस वगैरे. कुठलीही नवी जोडणी केली की कानाआधी मी हे वाचतो. सिंहगड रोडला एका घरी बॉक्सचं चित्र येत होतं पण आवाज नव्हता. वायर बदलली, पोर्ट बदलला, बॉक्स दुसऱ्या टीव्हीला लावून पाहिला, तासभर गेला. मग डिस्प्लेकडे नीट पाहिलं तर कोपऱ्यात इनपुट मोड ‘अ‍ॅनालॉग’ दिसत होता. घरातल्या लहान मुलाने रिमोटशी खेळताना ते बटण दाबलं होतं. रिसीव्हर चित्र एचडीएमआयवरून घेत होता आणि आवाजासाठी लाल-पांढऱ्या पिनांकडे बघत होता, जिथे काहीच लावलेलं नव्हतं. ‘ऑटो’ केलं आणि आवाज आला. त्या दिवसापासून आधी डिस्प्ले वाचतो.

या प्रसंगात इनपुटचं सगळं मर्म आहे. रिसीव्हरच्या मागे ‘केबल/सॅट’, ‘डीव्हीडी’, ‘गेम’, ‘मीडिया प्लेयर’ असं छापलेलं असतं आणि माणूस समजतो की डीव्हीडी त्या भोकातच लागली पाहिजे. तसं काही नाही. ती दारावरची पाटी आहे. आत कोण राहतं ते वायर ठरवते. प्रत्येक इनपुटला एक नाव असतं, चित्राची एक वाट असते आणि आवाजाची एक वाट असते. या दोन वाटा एकाच पिनेवरून येऊ शकतात किंवा दोन वेगळ्या पिनांवरूनही. डेनॉन आणि मरांट्झच्या मेनूत ‘इनपुट असाइन’ नावाचा तक्ता मिळेल: डावीकडे नावं आणि समोर एचडीएमआय, डिजिटल, अ‍ॅनालॉग असे रकाने. कुठल्या नावाला कुठली पिन ते तिथे ठरतं. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलवर पाटीच ‘एचडीएमआय १’, ‘एचडीएमआय २’ अशी असते, तिथे नाव आपण बदलायचं आणि हवं तर आवाजाची पिन वेगळी नेमायची. बाकी कंपन्यांची भाषा वेगळी, तत्त्व तेच. इनपुट मोड ऑटोवर असला की रिसीव्हर सहसा आधी एचडीएमआय बघतो, मग डिजिटल, मग अ‍ॅनालॉग.

मेनूत शिरायच्या आधी कागद घ्या. वस्तूचं नाव, चित्र कुठून कुठे, आवाज कुठून कुठे, आणि रिसीव्हरवर कुठल्या नावाने दिसणार, असे चार रकाने. मग प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना पेपर टेप गुंडाळून बॉलपेनने नाव लिहा. मागे हात घालून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून काळ्या वायरींमधून काळी वायर शोधणं फार त्रासाचं असतं, आणि ते करताना शेजारची चांगली बसलेली वायर ढिली होते. कागदाचा फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी रंगकाम निघालं की त्याची किंमत कळेल.

फायर स्टिक रिसीव्हरच्या कुठल्याही साध्या, ८के नसलेल्या पोर्टला चालेल, ४के ६० ला तो पुरतो. तीन गोष्टी पाळा. तिचा स्वतःचा अडॅप्टर वापरा, टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका, कारण तिथून पुरेसा करंट मिळेलच असं नाही आणि मग ती मध्येच रिस्टार्ट होते. सोबत आलेला बोटभर लांबीचा एक्स्टेंडर वापरा, म्हणजे पोर्टवर ताण येणार नाही आणि शेजारच्या पिना झाकल्या जाणार नाहीत. स्टिकच्या ऑडिओ सेटिंगमध्ये सराउंड ‘बेस्ट अव्हेलेबल’वर ठेवा. एक प्रश्न तुम्ही घरात बसून सोडवायचा आहे: टीव्हीतच अ‍ॅप असताना स्टिक कशासाठी? टीव्ही नवा आणि चपळ असेल तर मी स्टिक काढून टाकेन. एकच सिनेमा दोन ठिकाणी असला की अर्धा इथे पाहिलेला आणि अर्धा तिथे असं होतं, आणि घरातल्या मोठ्यांना तो गोंधळ सोसत नाही. टीव्ही मंद झाला असेल तर स्टिक ठेवा आणि टीव्हीतली अ‍ॅप होम स्क्रीनवरून हटवा. दोन्हीपैकी एक ठेवा.

प्लेस्टेशन. काळ्या पडद्याचं कारण चारपैकी एक असतं आणि मी त्याच क्रमाने तपासतो. पोर्ट: ४के १२० रिसीव्हरच्या ‘८के’ छापलेल्या पोर्टवरूनच जातं. सेटिंग: त्या पोर्टसाठी ‘सिग्नल फॉरमॅट’ किंवा तशा नावाच्या मेनूत ‘८के एन्हान्स्ड’ निवडावं लागतं, नवा रिसीव्हर अनेकदा त्याखालच्या पातळीवर येतो. टीव्हीच्या बाजूलाही तसंच सेटिंग असतं. सॅमसंगवर ते ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘डीप कलर’, सोनीवर ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ या नावाने सापडतं. वायर: इथे दोन वायरी मोजायच्या, प्लेस्टेशनकडून रिसीव्हरपर्यंत आणि रिसीव्हरकडून टीव्हीपर्यंत. प्लेस्टेशनसोबत आलेली वायर चांगली असते, पण भिंतीतली तीन वर्षांपूर्वीची असेल तर पूर्ण साखळी तिच्याइतकीच. एचडीएमआय २.० ची वायर सेकंदाला १८ गिगाबिटची, २.१ ची ४८ ची. खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं प्रमाणपत्राचं लेबल आणि स्कॅन करायचा कोड असतो तो बघा. नुसतं ‘८के’ छापलेल्या वायरी तापकीर गल्लीत ढिगाने मिळतात. मी तिथूनच वर्षानुवर्षं माल घेतो आणि चांगला मिळतो, पण लेबल नसलेली वायर भिंतीत घालत नाही. चौथं, टीव्हीचा पोर्ट: बऱ्याच ४के टीव्हींवर चारपैकी दोनच पोर्ट १२० घेतात. तुमच्या टीव्हीवर ई-एआरसीचा ३ नंबर त्यांपैकी आहे का ते मॉडेल पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

आधी प्लेस्टेशनवर १२० बंद करा आणि ४के ६० वर चित्र येतं का बघा. आलं तर बाकी सगळं ठीक आहे, वर सांगितलेल्या चारांतच दोष. तरीही जमलं नाही तर प्लेस्टेशन सरळ टीव्हीच्या १२० वाल्या पोर्टला लावा आणि आवाज ई-एआरसीने आणा. त्यात काही कमीपणा नाही. फक्त एक लक्षात असू द्या: प्लेस्टेशनचा आवाज ‘लिनिअर पीसीएम’वर असेल आणि मधली वाट साधी एआरसी असेल, तर ५.१ चा दोन चॅनल होतो. त्या वेळी प्लेस्टेशनमध्ये आवाज डॉल्बीवर करायचा. ई-एआरसी नीट जुळली असेल तर पीसीएमच ठेवा.

डीव्हीडी प्लेयरबद्दल. तुम्ही पिवळी-लाल-पांढरी अशा तिन्ही पिना रिसीव्हरला लावल्या आहेत आणि आवाज येतो, चित्र नाही. दोष काही नाही. बऱ्याच नव्या रिसीव्हरमध्ये पिवळ्या पिनेवरचं चित्र एचडीएमआयमध्ये बदलून पुढे पाठवायची सोय नसते. चित्र आत येतं आणि तिथेच थांबतं. प्लेयरला एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर पिवळी पिन सरळ टीव्हीच्या एव्ही-इनला न्या. नव्या टीव्हीत त्यासाठी हेडफोनसारखं बारीक भोक आणि छोटी जोडवायर असते. आवाज प्लेयरच्या ‘कोअ‍ॅक्शियल’ किंवा ऑप्टिकल पिनेतून रिसीव्हरला द्या आणि तक्त्यात डीव्हीडीच्या नावासमोर तीच डिजिटल पिन नेमा. लाल-पांढरीतून दोनच चॅनल येतात, या पिनेतून डॉल्बी आणि डीटीएसचा ५.१ येतो. ऑप्टिकल वायर वापरलीत तर टोकावरची प्लॅस्टिकची इवली टोपी काढायला विसरू नका, आणि वायरला कपाटाच्या कोपऱ्यात काटकोनात मुडपू नका, आतून प्रकाश जातो.

रेकॉर्ड प्लेयरवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्यात बाबांचा जीव असेल. किडकिडा आवाज येतोय म्हणजे तुम्ही तो ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ला लावलाय. सीडी प्लेयरचा सिग्नल २ व्होल्टच्या आसपास असतो. रेकॉर्डची सुई ज्यात बसवलेली असते त्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघतो तो ५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे शेकडो पटींनी लहान. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर मुद्दाम बारीक आणि वरचे मोठे करून कोरलेले असतात, नाहीतर तबल्याच्या एका घुमाऱ्याने खोबणी शेजारच्या खोबणीत घुसेल. वाजवताना हे उलटं करून घ्यावं लागतं. ते काम ‘फोनो’ नावाची पिन करते. तुमच्या रिसीव्हरवर ‘फोनो’ लिहिलेली लाल-पांढरी जोडी असेल तर तिथेच लावा, आणि शेजारच्या स्क्रूला प्लेयरची बारीक अर्थिंगची वायर आवळा, नाहीतर सतत घूं असा आवाज (हम) येईल. फोनो नसेल तर छोटा फोनो प्री-अ‍ॅम्प (तेच काम करणारी वेगळी डबी) मध्ये घ्या, मग ऑक्स चालेल. काही नव्या रेकॉर्ड प्लेयरमध्ये तो आतच असतो आणि मागे ‘फोनो/लाइन’ अशी खिट्टी असते. अशा वेळी खिट्टी ‘लाइन’ला ठेवून फोनो पिनेत लावलं तर आवाज फाटतो. फोनोचं काम प्लेयर आणि रिसीव्हर दोन्हीकडे एकाच वेळी नको.

सदाशिव पेठेत एका आजोबांकडे असंच झालं होतं. मुलाने हौसेने रिसीव्हर आणला, रेकॉर्ड प्लेयर ऑक्सला लावला आणि आजोबांनी दोन दिवसांत झाकण लावून टाकलं. म्हणाले, माझ्या रेकॉर्डी खराब झाल्या. मी पिन बदलली, स्क्रू आवळला, साउंड मोड ‘डायरेक्ट’वर टाकला आणि त्यांनीच काढून दिलेली एक जुनी ख्यालाची रेकॉर्ड लावली. तानपुरा सुरू झाला तेव्हा ते उभे होते, बडा ख्याल सुरू झाला तेव्हा खाली बसले. फीचं नंतर बघू, आधी ही बाजू संपू दे, म्हणाले. मी थांबलो. म्हणून सांगतो, बाबांच्या प्लेयरच्या इनपुटला सराउंडचे मोड लावू नका, दोन स्पीकर आणि ‘डायरेक्ट’ किंवा ‘स्टिरिओ’ बस आहे. बहुतेक रिसीव्हर प्रत्येक इनपुटचा शेवटचा मोड वेगळा लक्षात ठेवतात, त्यामुळे एकदा लावून दिला की काम झालं.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुढच्या आठवड्यात भेडसावेल असा प्रकार म्हणजे सीईसी. टीव्ही, रिसीव्हर आणि बाकी वस्तू एचडीएमआयच्या वायरीतून एकमेकांशी बोलतात, त्या बोलण्याचं हे नाव. सॅमसंग त्याला ‘एनीनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिम्पलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. यामुळे टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होतो, आणि बऱ्याच जोड्यांत एआरसीलाही ते चालू लागतं. पण याच बोलण्यातून एखादी वस्तू जागी झाली की ‘आता मी’ असं जाहीर करते आणि टीव्ही तिच्याकडे उडी मारतो. आई मालिका बघतेय आणि कोणी प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला हात लावला की पडदा गेमवर. माझी पद्धत ठरलेली आहे: सीईसी टीव्ही आणि रिसीव्हर या दोघांतच चालू, बाकी प्रत्येक वस्तूच्या मेनूत जाऊन बंद. थोडी सोय जाते, पण उड्या थांबतात.

प्रत्येक वस्तूला सीईसीत चार आकडी पत्ता मिळतो. टीव्हीचा ०.०.०.०, त्याच्या ३ नंबरला रिसीव्हर म्हणजे ३.०.०.०, रिसीव्हरच्या २ नंबरवरची स्टिक ३.२.०.०. चालू यंत्रात वायर इकडची तिकडे केली की कधीकधी जुना पत्ता डोक्यात राहतो आणि सगळं वेड्यासारखं वागतं. वायर बदलायची तर सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढून, दोन मिनिटं थांबून, मग आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी बाकी वस्तू, असं चालू करा. लाइट जाऊन आल्यावर एआरसी रुसली तरी हाच उपाय. पावसाळ्याच्या तोंडाला, मे-जूनमध्ये, विजा कडाडू लागल्या की रिसीव्हरचा प्लग काढा आणि डिशची जाड वायर बॉक्समधूनही काढा. गच्चीवरच्या त्या वायरीतून आलेला झटका बॉक्स, मग टीव्ही, मग रिसीव्हर असा एचडीएमआयवरून चालत येतो. अशी जळालेली तीन-चार यंत्रं मी स्वतः उघडून पाहिली आहेत, आणि स्पाइक बस्टर त्यात कामाला आला नव्हता कारण झटका विजेच्या प्लगमधून आलाच नव्हता.

भिंतीतल्या वायरीबद्दल थोडक्यात: पाच मीटरच्या आत असाल तर साधी चांगली तांब्याची वायर घ्या. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय, पण तिला दिशा असते, एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं. उलटी ओढली तर पुन्हा उपसावी लागते. ई-एआरसी चालेल असं लिहिलेलीच घ्या. पाइप टाकणाऱ्या वायरमनला १ इंची पाइप आणि काटकोनी एल्बो टाकू देऊ नका, प्लग वळणात अडकतो. दीड-दोन इंची पाइप, मोठा बेंड आणि आत एक मोकळी दोरी.

जोडणी झाली की शेवटचं बारीक काम. आवाजाची पातळी प्रत्येक वस्तूची वेगळी येते, स्टिकवरून टीव्हीवर गेलात की दचकायला होतं. इनपुटच्या मेनूत ‘सोर्स लेव्हल’ किंवा ‘ट्रिम’ मिळेल, जी वस्तू मोठी वाटते ती दोन-तीन डेसिबलने खाली घ्या. मग चित्र आणि आवाजाचा मेळ. बातम्या देणाऱ्याच्या ओठांवरून लोक तपासतात, मी एखाद्या मैफलीचा व्हिडिओ लावतो ज्यात तबलजीचे हात जवळून दिसतात. बोट शाईवर पडतं तो क्षण आणि आवाज एकत्र आले पाहिजेत. आवाज आधी येत असेल तर ‘ऑडिओ डिले’ २०-२० मिलिसेकंदांनी वाढवत न्या. आवाज मागे पडत असेल तर डिलेने काही होणार नाही, मग टीव्हीच्या डिजिटल आउटचं सेटिंग ‘पास थ्रू’ आहे का ते पुन्हा बघा.

जी इनपुट वापरत नाही ती मेनूतून लपवा. पंधरा नावांतून एक शोधायला लावू नका. तुमच्या घरात चार पुरतात: टीव्ही, स्टिक ठेवलीत तर ती, डीव्हीडी आणि रेकॉर्ड, प्लेस्टेशन रिसीव्हरला राहिला तर पाचवा. डेनॉनच्या रिमोटवर ‘क्विक सिलेक्ट’ची आणि यामाहाच्या रिमोटवर ‘सीन’ची बटणं असतात. इनपुट, आवाज आणि मोड हवा तसा लावून ते बटण काही सेकंद दाबून धरलं की सहसा सगळं त्यावर बसतं, यामाहाच्या काही मॉडेलवर काय काय साठवायचं ते मेनूत निवडावं लागतं. पहिल्यावर टीव्ही, दुसऱ्यावर बाबांची रेकॉर्ड. बटणांशेजारी पेपर टेपवर मराठीत लिहा. चालू होतानाचा आवाज आणि जास्तीत जास्त आवाज दोन्हींना मर्यादा घाला, म्हणजे रात्री गेम खेळून तुम्ही तसाच बंद केलात तरी सकाळी बाबा दचकणार नाहीत.

हे झालं की रिमोट आईच्या हातात द्या आणि मालिका लावायला सांगा. मध्ये बोलू नका, बोट दाखवू नका. जिथे हात अडखळेल ती जागा वहीत टिपा आणि ती गोष्ट बदला, पुन्हा बघा. मी प्रत्येक घरी निघायच्या आधी हे करतो आणि दर वेळी काहीतरी सापडतंच.

टीव्हीचा मॉडेल नंबर तेवढा कळवा, मागच्या स्टिकरवर असतो. ३ नंबरचा पोर्ट १२० घेतो की नाही ते बघून प्लेस्टेशन कुठे लावायचा ते सांगतो.